चौथ्या पायाच्या नख्या

ट्युनिसच्या विद्यापीठात मोंजिया जाझिरी तेवीस वर्षं एकच काम करत आली: सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते कागदावर उतरवायचं. शेवाळात राहणारी, आठ पायांची, डोळ्यांना न दिसणारी पाणअस्वलं हा प्राध्यापक तायेब यांचा विषय; सगळे त्यांना आदरानं 'सी तायेब' म्हणत. चित्रं मात्र मोंजियाच्या हातची. "मोंजियानं काढलंय ना? मग तसंच असणार," असं लोक म्हणत.

विदाद नावाच्या संशोधक मुलीला ऐन द्राहमच्या जंगलात, बुचाच्या ओक झाडांवरच्या शेवाळात, एक पाणअस्वल सापडलं. त्याच्या शेवटच्या, चौथ्या जोडीतल्या पायांच्या नख्या एका बारीक पट्टीनं जोडलेल्या होत्या आणि घशाची नळीही निराळीच होती. "ही नुसती नवी जात नाही, जातींचा अख्खा नवा गट, नवी प्रजातीच आहे," असं तिनं प्रबंधात मांडलं. परीक्षकांनी मोंजियाचं बारा वर्षांपूर्वीचं चित्र पुढे केलं. तेच जंगल, तोच प्राणी, नख्या सुट्या. "काचपट्टी दाबताना तूच बिघडवलंस," म्हणत त्यांनी प्रबंध परत केला.

मोंजियानं कपाटातून त्या चित्राची जुनी काचपट्टी काढून भिंगाखाली धरली. नख्या जोडणारी बारीक पट्टी होतीच.

तिला सगळं आठवलं. त्या दिवशी बहिणीची मेंदी होती, जायची घाई होती. प्राण्याचे मागचे पाय पोटाखाली दुमडलेले. तेवढ्या नख्या तिनं पुस्तकातून उतरवल्या. एक अंधूक रेघ दिसली होती; कचरा असेल, असं मनाला समजावलं होतं.

आठ दिवस तिनं ती काचपट्टी कुणाला दाखवली नाही. मग विदाद किल्ली परत करायला आली.

"बाजा गावाला चालले, मावशी. औषधाच्या दुकानात काम मिळालंय."

"जाऊ नकोस. ते चित्र खोटं आहे."

"कुठलं?"

"माझं. मागचे पाय मी पाहिलेच नव्हते."

विदाद म्हणाली, "दोन वर्षं ते चित्र बघतेय, मावशी. मला वाटायचं, माझेच डोळे फुटलेत."



दुसऱ्या दिवशी ती सी तायेब यांच्या घरी गेली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "'जुनंच आहे, उरकून टाक,' असं मीच म्हणालो होतो. खाली सही माझी आहे, बाई." चित्र चुकल्याचं पत्र परीक्षकांना त्यांनीच लिहिलं. तेवढ्यानं मोंजियाचं ओझं मात्र हलकं झालं नाही.

वसंतात नव्या प्रजातीचं वर्णन छापून आलं. मोंजियाचं आधीचं चित्र चुकलं होतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"त्या ओळीतलं तुमचं नाव गाळू का?" विदादनं छापण्याआधी विचारलं होतं.

"राहू दे."

नवी चित्रंही मोंजियानंच काढली. मागच्या एका पायाला तीन दिवस लागले. रेघ संपली की ती आपणहून उठून खुर्ची रिकामी करी, आणि विदाद भिंगाला डोळा लावून ती रेघ तपासून पाही.