पाचव्या खाचेवरची गाडी

"म्हशीच्या आत खांद्यापर्यंत हात घालताय, किळस येत न्हाय व्हय?" असं मला गावोगावच्या बायका नाकाला पदर लावून विचारायच्या. नाही यायची. दूध संघात मी पशुवैद्य होते, माजावर आलेल्या गाई-म्हशी भरवणं, म्हणजे कृत्रिम रेतन करणं, हे रोजचं काम, आणि शेण काय, धुतलं की जातं. मला किळस यायची ती मोटरसायकलच्या गॅरेजात. तिथून घरी आले की मी दोनदा तोंड धुवायचे.

हे नव्वदच्या दशकातलं. संघानं मला शंभर सीसीची मोटरसायकल दिली होती. आमचं घर उचगावात आणि माझ्या वाट्याला कागलच्या बाजूची गावं. हमरस्ता सोडला की शेतांमधल्या कच्च्या पाणंदी, आणि उसाच्या ट्रॉल्यांनी त्यांची जी दशा करून ठेवलेली असायची ती ज्यानं पाहिली त्यालाच माहीत. मागच्या कॅरिअरवर नायट्रोजनचा जार बांधलेला असायचा. दिसायला दुधाच्या किटलीसारखा, पण आतून थर्मासासारखा दुपदरी. त्यात हाड गोठवील इतका थंड द्रव, आणि त्या द्रवात वळूंच्या रेताच्या बारीक कांड्या बुडवलेल्या. जारची मान नाजूक. सतत हादरे बसले तर आतला द्रव भराभर उडून जातो, आणि मान चिरली तर सगळंच संपलं. कांडी एकदा कोमट झाली की मेली. मेलेली कांडी दिसते जिवंत कांडीसारखीच. तीन आठवड्यांनी म्हैस पुन्हा माजावर आली की मग कळतं.

माझ्या म्हशी उलटायला लागल्या. गाभ धरला नाही की आमच्याकडे म्हैस उलटली म्हणतात. एक उलटली, दोन उलटल्या, मग गावात बोलणं सुरू झालं की बाईच्या हाताला गुण नाही. काही गोठ्यांत मला बघून दावं सोडून म्हैस आत नेऊ लागले. संघातल्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमची नेमणूक तात्पुरती आहे, कायम करायचं की नाही ते आता तुमच्या कामावर ठरेल. त्या नोकरीसाठी मी किती जणांशी भांडले होते ते मला ठाऊक. घरी बसून शेवया वळायला मी शिकले नव्हते.

एक दिवस संघाच्या आवारात मी जारमध्ये मोजपट्टी घालून बघितली. शेजारच्या टापूतल्या माझ्या सहकाऱ्याच्या जारमध्येही बघितली. दोघांनी एकाच दिवशी भरून घेतले होते. त्याचा अर्ध्याच्या वर होता, माझा तळाला गेलेला. जार तसाच, गाडी तशीच, रस्तेही तितकेच हलकट. फरक एवढाच की तो पोत्यासारखा धिप्पाड आणि माझं वजन चव्वेचाळीस किलो.

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर एक गोल रिंग असते, तिला पाच खाचा असतात. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ, पाचवीवर कडक. दोन जाडजूड माणसं बसणार असतील तर पाचवी. माझी गाडी कायम पाचवीवर. खड्डा आला की ती मला आणि जारला एकदमच उडवायची. संध्याकाळी माझी कंबर धरायची ती मला कळायचं, जारची मान बिचारी बोलणार कशी?

गॅरेजात जाताना मी नवऱ्याला घेऊन जायचे. हे माझंच पाप. एकटी बाई गाडी घेऊन गॅरेजात उभी राहिली तर बरं दिसत नाही, असं मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच वाटायचं. नवरा उद्यमनगरात एका कारखान्यात सुपरवायझर. तालमीत घुमलेला, पंच्याऐंशी किलोचा गडी. मी सांगायचे, गाडी उडते, मागचा शॉकअप मऊ करून द्या. मेकॅनिक ऐकायचा माझं आणि बघायचा नवऱ्याकडे. "बसून बघा की, पावणं." पावणं बसायचं. दोनदा धबाधबा आपटून बघायचं आणि म्हणायचं, "झ्याक हाय की." संपलं काम. मेकॅनिक सीटवर थाप मारायचा, पिंक टाकायचा, आणि नवऱ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्यात मी कुठेच नव्हते, आणि होते ती फक्त हसण्यापुरती. नवराही हसायचा. त्याचं ते हसणं बघून मला जी शिसारी यायची ती कुठल्या गोठ्यात कधी आली नाही.

एकानं मला सीटवर उशी बांधायला सांगितलं. एकानं मागं वाळूचं पोतं टाका म्हणून सुचवलं, म्हणजे गाडी दबून चालेल. तिसऱ्यानं तर नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की वैनींना मोपेड का घेऊन देत नाही. गाडी संघाची, चालवणारी मी, आणि तीन वर्षं ती गाडी तालमीतल्या गड्याच्या ढुंगणाच्या मापानं लावली जात होती. मी रागानं नुसती जळायचे आणि पुढच्या वेळी परत त्यालाच घेऊन जायचे.

मग एकदा नवरा लग्नाला गेला होता आणि गाडीचा ब्रेक लागेना. नाइलाजानं एकटी गेले. कागलच्या वाटेवर एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं पत्र्याचं गॅरेज होतं. कोणे एके काळी मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींसाठी तो गाड्या तयार करायचा, असं ऐकून होते. त्यानं ब्रेक केला. मी निघताना जाता जाता म्हटलं, गाडी फार उडते हो.

"गाडी कुनाची हाय?"

मी म्हटलं, संघाची.

"कागदावरचं न्हाय इचारत. बसतंय कोन?"

"मी."

"मग बसा की."

तीन वर्षांत मला कोणी बस म्हटलं नव्हतं. मी बसले. त्यानं मागच्या चाकाच्या नटापासून वर सीटखालपर्यंत टेप लावला. गाडी रिकामी असताना लावला, मी बसल्यावर लावला, मी आणि जार असताना लावला. माझ्या वजनानं गाडी बोटाच्या पेरभरसुद्धा खाली बसत नव्हती. त्यानं जार उतरवून तेवढ्याच वजनाची पाण्याची किटली बांधली आणि शेजारच्या पाणंदीतून चक्कर मारून यायला सांगितलं. मी येईपर्यंत तो रस्त्यात उकिडवा बसून बघत होता. आल्यावर म्हणाला, तुम्ही टाकीला चिकटून बसता, पाय पुरत नाहीत म्हणून. खड्डा आला की अंग आकसून घेता. पुढचा ब्रेक तुम्ही लावतच नाही. हे सगळं खरं होतं, आणि मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

दुपारभर त्यानं तेच केलं. रिंग पहिल्या खाचेवर आणली. पुढच्या शॉकअपमधलं घट्ट तेल काढून पातळ भरलं. सीटचा स्पंज दोन बोटं कापला, म्हणजे मला मागं सरकून बसता यावं आणि पायही टेकावेत. प्रत्येक बदलानंतर चक्कर, आणि चक्करीनंतर एकच प्रश्न, आता कुठं दुखतं, मनगटात, कमरेत का मानेत? डॉक्टर मी, आणि तपासणी माझी चाललेली. शेवटच्या चक्करीला पाणंदीतून मी बसून आले, उडून नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुळीच्या नावावर खपवलं. त्यानं रिंग फिरवायचा आकड्याचा पाना मला दिला आणि माझ्याकडूनच दोन-तीनदा फिरवून घेतली. म्हणाला, उद्या कुणीही हिला हात लावेल, तुम्हाला परत करता आलं पाहिजे.

नंतरचं वर्ष फार चांगलं गेलं. जारमध्ये नायट्रोजन टिकायला लागला. म्हशी गाभण राहायला लागल्या. ज्यांनी म्हैस आत नेली होती त्यांनीच पहिल्या रेडकाच्या वेळचा खरवस माझ्या डब्यात घातला. साहेब म्हणाले, ऑर्डर टायपाला गेलीय. घरी मी नवऱ्याला गाडीचं काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय होता?

मग एका रविवारी तो गाडी घेऊन एका मित्राबरोबर पन्हाळ्याला गेला. संघाची गाडी घरच्या कामाला वापरायची नाही असा नियम होता, पण तो न्यायचा आणि मी नेऊ द्यायचे. मित्रही त्याच्याच तालमीतला. घाट चढताना गाडी मागं टेकायला लागली आणि मित्र हसला असणार. बसकी गाडी म्हणजे आमच्या कोल्हापुरात गड्याची इज्जतच गेली. परत येताना पायथ्याच्या गॅरेजात नवऱ्यानं रिंग पाचवीवर नेली. टूलबॉक्समधला आकड्याचा पानाही त्यानंच काढून घेतला होता, तो घरी खिडकीत पडून होता. मला यातलं अक्षर सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी जार भरून घेतला, आठवडाभराच्या कांड्या घातल्या आणि निघाले. हमरस्त्यावर कळलं नाही. पाणंदीत शिरल्यावर पहिल्याच चाकोरीत कळलं. टूलबॉक्स उघडला, पाना नाही. त्याच वेळी परत फिरायला हवं होतं. पण पुढच्या गावात एक म्हैस आदल्या संध्याकाळपासून माजावर होती. आधी दोनदा उलटलेली, आणि आणखी उशीर केला तर वेळ टळली असती. हळू जाऊ म्हटलं. समोरून ट्रॉली आली, मी कडेला घेतली आणि मागचं चाक खड्ड्यात आपटलं. गोठ्यात पोहोचले तेव्हा भर उन्हात जार बाहेरून दंवानं पांढरा पडला होता. मान चिरली होती. ती एक म्हैस भरवली. बाकीच्या कांड्या दुपारपर्यंत मेल्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं. त्यानं नाकारलं नाही. "एवढ्यानं काय हुतंय?" म्हणाला, आणि जेवायला बसला.

संघात चौकशी लागली. मी खुलासा लिहून दिला, त्यात लिहिलं की गाडीच्या शॉकअपमध्ये माझ्या माघारी बदल करण्यात आला. गाडीला हात न लावता तशीच घेऊन या, असा निरोप आला. नवरा म्हणाला, मी पण येतो, साहेबाशी बोलतो. मला वाटलं, चला, कबूल करणार. त्या दिवशी मी त्याच्या आवडीची भाजी केली होती. आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

साहेबांनी खुर्ची आधी त्याला दिली. चहा आधी त्याला दिला. माझा खुलासा वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघून विचारलं, "काय पावणं, गाडीला तुमी काय केलंत का?"

नवऱ्यानं बशीतला चहा संपवला. बशी टेबलावर ठेवली.

"मला काय म्हाईत, सायेब. गाडी तिची हाय. तीच चालवती, तीच बघती."

हे वाक्य मला ऐकायचं होतं. तीन वर्षं, प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक वेळी तो सीटवर बसायला पुढं झाला तेव्हा मला हेच ऐकायचं होतं. साहेबांनी मला विचारलं, मग मॅडम, तुमचं काय म्हणणं? नवरा खोटं बोलतो असं चार लोकांत म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, गाडी माझीच आहे. खुलासा परत घेतला, निष्काळजीपणा झाला असं लिहून सही केली. कायम व्हायची ऑर्डर एक वर्ष पुढं गेली.

बाहेर आलो. तो सवयीनं पुढं बसायला गेला. मी किल्ली धरून उभी राहिले आणि म्हटलं, "अवो, मागं सरका." त्यानं इकडंतिकडं बघितलं, आवारात गर्दी होती, आणि सरकला. मी गाडी काढली. उचगावच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला होता, तिथं मी सवयीनं अंग आकसून घेतलं आणि हादऱ्याची वाट बघत राहिले. हादरा आलाच नाही. पंच्याऐंशी किलो मागं बसले होते, आणि पाचव्या खाचेवरची ती गाडी खड्ड्यांवरून लोण्यासारखी चालली होती. घरी आल्यावर मी दोनदा तोंड धुतलं.