डॉक्टरीणबाईंनी काढलेलं चित्र

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी नाशिकला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं असं सगळ्यांना वाटे, आणि कळत नाही हे सांगायची मला लाज वाटे.

ताईला नामपूरला दिलं होतं. पाच वर्षांत मूल नव्हतं. त्या वर्षी तीन महिने तिची पाळी आली नाही, पोटही दिसू लागलं. तिच्या सासूबाईंनी, त्यांना मी मावशी म्हणे, कुणाला न सांगता घरातच तिची चोरओटी भरली. मग एका सकाळी पोटात एवढी कळ आली की तिला एसटीत घालून नाशिकला आणावं लागलं.

मूल नव्हतंच. अंडाशयावर पाण्याची गाठ होती आणि तिला पीळ पडला होता. "नारळाएवढी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशींनी तोंडाला पदर लावला. ओटीतला नारळ अजून त्यांच्या देवघरात होता.

ऑपरेशननंतर बाई मला म्हणाल्या, "गाठीबरोबर एक अंडाशय काढावं लागलं. दुसरं चांगलं आहे. घरच्यांना नीट समजावून सांग." मी मान डोलावली. पण अंडाशयं दोन असतात हेच मला माहीत नव्हतं. शाळेत तो धडा सरांनी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडला होता. घरी भावासमोर ते पान उघडायची माझी हिंमत झाली नव्हती.

बाहेर मावशी वाट बघत होत्या. "तू कॉलेजमा जास ना? मंग सांग. पोर होई का नही?"

"एक काढलं, एक आहे," मी म्हणाले.

"म्हणजे अर्धी बाई राहिली?"

अर्धी की पुरती, मलाच कुठे ठाऊक होतं?

संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "दोन महिने हिला माहेरी ने. आराम पडेल." बोलणं मायेचं होतं, पण आमच्या शेजारची एक लेक अशीच आरामाला माहेरी आली होती, ती परत गेलीच नाही. मावशी बाहेर गेल्यावर ताईने माझा हात धरला. "मला न्यायला येतील का गं?"

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीबाहेर मी दोनदा रांगेतून मागे फिरले. तिसऱ्यांदा आत गेले आणि एकदम विचारलं, "एकावर मूल होतं का?"

त्या हसल्या नाहीत. कागदावर मधे पिशवी, दोन नळ्या आणि दोन टोकांना दोन बदाम काढले. एका बदामावर फुली मारली. "दुसरं काम करतं. पाळी येत राहील, मूलही होऊ शकतं. मात्र खात्री कुणालाच देता येत नाही."

मी तो कागद मावशींसमोर धरला आणि सांगितलं. खात्रीचं वाक्य गाळावं असं फार वाटलं. पण तेही सांगितलं.

"एवढं शिकून तुलाही खात्री नाही?"

"नाही, मावशी."

त्यांनी कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला. "माझ्या लेकाला दाखवते," एवढंच म्हणाल्या आणि नामपूरच्या गाडीत बसल्या. टाके काढल्यावर आम्ही माहेरी, कळवणच्या गाडीत बसलो. मी खरं बोलले, का ताईचं नुकसान केलं? वाटभर कळेना.

दोन महिने झाले, वर आठ दिवसही. ताई रोज अंगण झाडताना रस्त्याकडे बघे. सुट्टीत मी घरी होते, त्या दुपारी दाजी आले. चहा घेतल्यावर त्यांनी खिशातून तोच कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"कॉलेजवाल्या मेहुणीबाई," ते हळूच म्हणाले, "राहिलंय ते डावं का उजवं?"

मी विचारलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"असू दे," म्हणून त्यांनी कागद जपून पुन्हा खिशात ठेवला. आत ताईची कपड्यांची पिशवी भरूनही झाली होती.