बाकाला बांधलेली पोर

माझी आई भिमाबाई कुणावर विश्वास ठेवत नसे. दुधात पाणी आहे असं धरूनच ती दूध घ्यायची. कुणी गोड बोललं की तिच्या कपाळावर आठी चढायची आणि "हिला काय पायजे असंल?" असं ती त्या बाईच्या तोंडावर विचारायची. विंझरच्या आमच्या बौद्धवाडीत तिच्या नादाला कुणी लागत नसे. माझे वडील कुंडलिक रस्त्याच्या गँगवर कामाला होते. ते म्हणायचे, "तुझी आई सावलीला पण इचारती, कुठं चाललीस गं माज्या मागं?"

पण तिचा सगळ्यात मोठा संशय मोटारीवर. वेल्ह्याहून विंझरवरून भोरला जाणारी मोटार लांबून दिसली की तिचा चेहरा बदलायचा. ब्रेक लागतात की नाही, ड्रायव्हरची झोप झालीय की नाही, दाराची कडी नीट बसलीय की नाही, सगळं ती स्वतः बघायची. दाराची कडी तर हलवून बघायची. तरी मोटारीत बसणं तिला चुकत नव्हतं. तिचं माहेर भोरला, तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि भावजय सासूला वेळेवर भाकरी देते यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मग दर थोड्या दिवसांनी मला कडेवर घेऊन ती निघायची. माझ्याआधी झालेली दोन्ही पोरं रांगायच्या आत गेली होती. मी जगले होते, आणि मी जगतेय यावरही तिचा पुरता विश्वास बसला नव्हता. मी झोपले की ती माझ्या नाकापुढं बोट धरून बघायची.

मोटारीतली एक पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गर्दी असली, पोरवाली बाई उभी असली, की बसलेली कुणीतरी हात पुढं करते आणि म्हणते, "आण बाई, माझ्या मांडीवर दे." ओळख लागत नाही. पोर मांडीवर जातं, आई दांडी धरून उभी राहते, आणि उतरताना ज्याचं त्याला मिळतं. यात वाईट काही नाही. पण पोर मांडीवर घेतलं की त्या बाईला काहीतरी बोलावं लागतं, आणि ती विचारते, "कुठलं गाव?" मग विचारते, "कुठल्या आळीतलं?"

मी चार-पाच महिन्यांची असताना आईनं मला असंच एकीच्या मांडीवर दिलं होतं. चांगल्या घरची बाई, अंगावर बरं लुगडं, माझ्याशी लाडानं बोलत होती. गाव विचारलं, आईनं सांगितलं. आळी विचारली, आईनं तीही सांगितली. बाईचे हात तिथल्या तिथं सैल पडले. "रडाया लागलंय गं, घे," म्हणाली. मी रडत नव्हते, हे आई शपथेवर सांगते. मोटार वळणावर होती, आईचा एक हात दांडीला होता, आणि त्या बाईनं थांबायची वाट न बघता मला उचलून पुढं केलं. आईचा दुसरा हात पोचेपर्यंत माझं डोकं बाकाच्या लोखंडी नळीवर आपटलं. भुवईवरची खूण अजून आहे. रक्त बघितल्यावर ती बाई खिडकीबाहेर बघायला लागली. आई म्हणते, रक्तापेक्षा तिनं मान फिरवली त्याची आग जास्त झाली.

त्या दिवसापासून आईनं ठरवलं, पोर कुणाच्या मांडीवर जायचं नाही. नुसतं ठरवून ती थांबली नाही. जुन्या लुगड्याचा जाड काठ फाडला, तो तिपेडी वळला आणि त्याचा पट्टा केला. मोटारीत खिडकीशी मला बसवायची, पट्टा माझ्या पोटावरून घ्यायची, बाकाच्या पाठीच्या नळीमागून ओवायची, आपल्या कमरेला एक वेढा द्यायची आणि गाठ मारायची. ती गाठ साधी नव्हती. पोरं पळवणाऱ्या टोळ्या फिरतात असं तेव्हा सगळीकडं बोललं जायचं. पुलाच्या पायात घालायला पोरं नेतात, असंही लोक खात्रीनं सांगायचे. मग आईनं अशी गाठ शोधून काढली की कुठलं टोक ओढायचं ते तिलाच कळावं.

लोक हसायचे. "शेरडू बांधलंय का वो?" असं कुणीतरी हमखास विचारायचं. कंडक्टर सोपान मात्र हसत नसे, तो वैतागायचा. एवढ्याशा पोराला तिकीट नसतं, म्हणून त्याला जागाही नसते. "पोराला मांडीवर घ्या, बाकावर मानसाला बसू द्या," तो म्हणायचा. त्यावर आई अर्धं तिकीट मागायची.

"अवो बाई, हिला तिकीट लागत न्हाई!"

"फाडा म्हनते ना. मग ही मानूस व्हईल का न्हाई?"

सोपान तिकीट फाडायचा आणि मागच्या बाकापर्यंत पुटपुटत जायचा. जागा नसली तर आई मोटार सोडून द्यायची. पुढं पुढं तर ती वेल्ह्याच्या दिशेनं एक थांबा उलटी चालत जायची, कारण तिथं मोटारीत जागा असायची. वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आता ज्या दिवसाचं सांगायचं त्या दिवशी मी दोन वर्षांची होते. मला काहीच आठवत नाही. आईनं सांगितलं आणि वडिलांनी त्यात दुरुस्त्या केल्या, ते जुळवून लिहिते आहे. वडील त्या मोटारीत नव्हते, म्हणून त्यांच्या दुरुस्त्या मी जपूनच घेतल्या आहेत.

आषाढ सरत आला होता. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. पानशेतचं धरण फुटल्याला फार वर्षं झाली नव्हती आणि पाणी वाढलं म्हटलं की माणसं उगाच उठून उभी राहायची. आईला भोरहून निरोप आला होता की म्हातारीनं अन्न सोडलंय. ती निघाली. नेहमीप्रमाणे खिडकी, नेहमीप्रमाणे पट्टा, नेहमीप्रमाणे अर्धं तिकीट. समोरच्या बाजूच्या बाकावर पालीची एक म्हातारी होती, गीताबाई. पायाशी टोपली, अंगावर घोंगडी, कापूरहोळला लेकीकडं निघालेली. वरच्या टपातून पाणी ठिबकत होतं ते बरोबर माझ्या अंगावर पडत होतं.

"पोर भिजतंय बाय," गीताबाई म्हणाली. "आन हिकडं. घोंगडीत घेते."

"ऱ्हाऊ द्या."

"अगं, गार पडंल ती."

"म्या बगते माजं."

गीताबाईनं घोंगडी सावरली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात पुढं केला. आईनं मान फिरवली. हिला एवढा पुळका कशाचा, हे तिला कळेना. म्हातारीचे हात कामाचे होते, डोळे बारीक होते, आणि ती सारखी माझ्या पायांतल्या चांदीच्या वाळ्यांकडं बघत होती. निदान आईला तसं वाटलं. तिनं पट्टा आणखी आवळला.

आंबवणे गावाच्या अलीकडं एका ओढ्यावर फरशी होती, म्हणजे पाण्याच्या पातळीला बांधलेला बुटका पूल. ड्रायव्हरनं खाली उतरून पाणी बघितलं. चाकाच्या निम्म्याच्याही खाली होतं. पलीकडून एक बैलगाडी आत्ताच आली होती. त्यानं मोटार घातली. मधोमध गेल्यावर वरच्या डोंगरातून लोंढा आला. एक ओंडका मागच्या चाकावर आदळला, मोटार सरकली आणि एका अंगाला कलून फरशीच्या काठाशी अडली. इंजिन बंद पडलं. पाणी पायरीवर चढलं, मग आत आलं.

ओरडाओरड झाली. पलीकडच्या काठावरून गावातल्या माणसांनी दोर टाकला. पाच-सहा जण कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांना धरून उभे राहिले आणि सोपाननं पुढच्या खिडकीतून एकेकाला बाहेर द्यायला सुरुवात केली. आईनं गाठीला हात घातला.

गाठ सुटेना. लुगड्याचा काठ टपाच्या पाण्यानं वाटभर भिजून फुगला होता आणि वर तिनंच तो आवळला होता. कुठलं टोक ओढायचं ते तिला ठाऊक होतं, पण टोक हलत नव्हतं. नखं तुटली. मोटार आणखी कलली आणि पट्ट्याला माझा भार आला, तशी गाठ जास्तच बसली. मी किंचाळत होते. आईनं सोपानला हाक मारली, पण तो पुढच्या गर्दीत होता. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्या हातानं आपण पोर मारलं.

गीताबाई तोवर बाक धरत धरत तिच्यापाशी आली होती.

"सर बाय."

"हात लावू नगा!"

"सर म्हनते ना!"

तिनं आईचा हात झटकला, गुडघ्यावर बसली आणि तोंड गाठीला लावलं. दात तिला वरचे-खालचे मिळून थोडेच उरले होते, पण होते ते पक्के होते. कुत्र्यानं चामडं ओढावं तशी ती मान हलवत होती. आई वरून बघत होती. परकी बाई तिच्या पोराच्या पोटाशी तोंड घालून बसली होती आणि तिला काहीच करता येत नव्हतं. एक वेढा सैल झाला, मग दुसरा. गीताबाईनं तोंड वर केलं तेव्हा ओठातून रक्त येत होतं.

"म्हातारीला आदी द्या! पोर तिच्यापाशीच द्या!" सोपान ओरडला. आई काही बोलायच्या आत मी गीताबाईच्या छातीशी होते आणि गीताबाई एका माणसाच्या पाठीवर. तिनं मला घोंगडीखाली घेतलं. आईला खिडकीतून फक्त ती काळी घोंगडी पाण्यावरून जाताना दिसली.

म्हातारी काठाला लागली. आईला वाटलं, आता ती वळेल आणि पोर दाखवील. ती वळली नाही. तशीच चढ चढून माणसांच्या मागं गेली आणि दिसेनाशी झाली.

पोरं पळवणाऱ्यांच्या जेवढ्या गोष्टी आईनं ऐकल्या होत्या तेवढ्या सगळ्या तिला एकदम आठवल्या. तिचा नंबर आला नव्हता, तरी ती खिडकीतून उतरली आणि दोर न धरता निघाली. पाण्यानं तिला फेकलं. कुणीतरी तिच्या दंडाला धरून तिला काठावर ओढलं. "जीव नकोसा झालाय का?" असं तो ओरडला, तेही तिनं ऐकलं नाही. "म्हातारी कुठं गेली? माजं पोर घेऊन गेली!" एवढंच ती म्हणत होती. कुणीतरी वरच्या बाजूला हात केला.

रस्त्याच्या कडेला एक गोठा होता. आत दोन बैल, कोरडा कडबा आणि कडब्यावर पाय पसरून बसलेली गीताबाई. मी तिच्या मांडीवर घोंगडीत होते. आईनं घोंगडी उघडली. माझे हात बघितले, पाय बघितले, वाळे चाचपले, नाकापुढं बोट धरलं. मी झोपले होते.

"दिसंना तवा वाटलं..." आई म्हणाली.

"पावसात उबी ऱ्हाऊ का पोर घिऊन?" गीताबाई म्हणाली.

आता इथं दुसरी एखादी बाई पाया पडली असती किंवा रडली असती. माझ्या आईला ते जमलं नाही. तिला वाटलं, आता हिनं विचारायच्या आत आपणच सांगून टाकावं. मागच्यासारखं पोर परत यायचं असेल तर आत्ताच येऊ दे, इथं जमीन तरी सपाट आहे.

"आमी इंझरच्या," ती म्हणाली. "बौद्धवाडीतल्या. आता द्या पोर."

आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

गीताबाईनं तिच्याकडं बघितलं. मग तिचे हात हलले. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. आई म्हणते, तेव्हा तिला राग आला नाही, फार थकवा आला. गीताबाईनं मला उचललं, आपला एक पाय आखडून घेतला, दुसरा लांब केला आणि मला त्या मांडीवर निजवलं.

"मांडीला रग लागली," ती म्हणाली. "हळू बोल. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

आईचे हात तसेच पुढं राहिले. मग ते तिनं खाली घेतले आणि कडब्यावर बसली. म्हातारीनं ऐकलं नसेल, असं तिच्या मनात आलं. पुन्हा सांगावं, असंही आलं. वडिलांचं म्हणणं असं की विंझर आणि पाली काही लांब नाही, गीताबाईला मोटारीतच सगळं ठाऊक असणार. आईला हे पटत नाही. ठाऊक असतं तर तिनं दात घातले असते का, असं ती विचारते, आणि मग स्वतःच दुसरा विषय काढते.

बाहेर मोटारीतली बाकीची माणसं येत होती. कुणी गोठ्यात डोकावलं, कुणी आत येऊन बसलं, एक जण आईला बघून पुन्हा बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. गीताबाई ओठाचं रक्त पदरानं टिपत होती. आईनं मला परत मागितलं नाही. पण घोंगडीखाली हात घातला, माझं एक पाऊल शोधलं आणि मुठीत धरलं.

गीताबाईला ते कळलं. ती गालात हसली.

"धर बाय धर," ती म्हणाली. "तेवढा पाय तुज्याकडं ऱ्हाऊ दे."

आईनं तो धरून ठेवला.