बरडातल्या मारुतीचे रोडगे

माघातल्या एका शनिवारी दुपारी, आर्वीहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या बरडातल्या मारुतीसमोर वाहतूक पाऊण तास बंद पडली. कारण मेंढ्या. त्या पाऊण तासात रस्त्यावर अडकलेल्या लोकांनी आमच्या घरचे रोडगे संपवले आणि माझ्या पत्नीने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला होकार दिला. मी तिथे हजर होतो. जे पाहिले तेवढेच लिहितो आहे.

मी तीस वर्षे तालुक्याच्या बातम्या पाठवल्या. त्या कामाने एक सवय लावली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. कोणतीही गोष्ट दोन वेगवेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय मी खरी धरत नाही. देवावर माझा विश्वास होता, पण लांबच्या नातेवाइकावर असतो तसा. तो आहे हे माहीत असते, त्याच्याकडे जाणे होत नाही. अडचण आली ती पैशामुळे, आणि तीही पैसा नसल्यामुळे नव्हे.

वडिलांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विहिरीजवळची काळी जमीन घेतली. मला रस्त्याकडेचे बरड आले. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हते. दादाला तेव्हापासून माझी कीव येत असे. पुढे रस्ता रुंद झाला, बरडाची एक पट्टी त्यात गेली, आणि रस्ता होऊन बराच काळ लोटल्यावर, आम्ही विसरून गेलो असताना, माझ्या खात्यात चौदा लाख रुपये जमा झाले. त्या दिवसापासून दादाला माझी कीव येणे थांबले.

घरात पैसा आला की सल्ला देणारे वाढतात. पुण्यातल्या मुलाने गाडीचे सुचवले. बँकेतल्या एका गृहस्थांनी विमा सुचवला, आणि मी सत्तरीला आलो आहे हे सांगितल्यावर आणखी मोठा विमा सुचवला. दादाने गावाच्या वेशीतल्या मारुतीला सभामंडप बांधायचे सुचवले, वर दोघा भावांची नावे, थोरल्याचे आधी. माझ्या मनात एकच खर्च होता. पत्नीचे दोन्ही गुडघे गेले होते. आम्ही राहतो त्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घराला चार पायऱ्या आहेत. त्या ती आडवी होऊन, एका हाताने भिंत धरून उतरत असे. तीन वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली आणि सांगितले, ही चुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

मी तारीख घेऊन घरी आलो. पत्नी म्हणाली, "पैसा कोनाचा हाय थो?"

"आपला."

"बरडाचा हाय. तुमच्या मायनं त्या बरडासाठी मारुतीले नवस बोलला होता. रोडग्यायचा. तो फेडल्याबिगर या पैशातला एक रुपया माह्या आंगाले लागू देनार नाई मी. आन टेबलावर बी चढनार नाई."

रोडगे म्हणजे आमच्याकडचा नवसाचा स्वयंपाक. घट्ट मळलेल्या कणकेला तेलाचा हात लावत घड्या घालायच्या, मोठाले गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. मग राख झटकून, फोडून, त्यात तूप आणि सोबत वांग्याची भाजी, वरण. नवस फेडायला माझी हरकत नव्हती. पण नवस नेमका काय होता, हे आईने कोणाला लिहून दिले नव्हते, आणि आई जाऊन वीस वर्षे झाली होती. मी जुन्या सवयीने चौकशीला निघालो.

पहिला माणूस दादा. त्याचे उत्तर तयार होते. "वेशीतला मारुती. एकशे एक पान. गावजेवन. माह्या समोर बोलली माय."

दुसरी तुळसामावशी. आईची मैत्रीण, वय ऐंशीच्या पुढे, अजून मळ्यात कोबी-वांगी काढते. तिला दादाचे उत्तर सांगताच ती हसली. "तुह्या दादाले गावजेवन पाह्यजे, मारुतीले नाई. मी होती संगं, बापू. बरडातल्याच मारुतीम्होरं बोलली थे. म्हने, मारुतीराया, या बरडातून चार पैसे आनून दे, मंग तुह्या दारात रोडगे करीन. बलावनं कोनालेच नाई. रस्त्यानं जो येईन-जाईन, थो तुहा पावना. रोडगे सरेपर्यंत."

दोन माणसे, दोन बातम्या. नोकरीत असतो तर ही बातमी मी दाबून ठेवली असती. पत्नीने मात्र लगेच निर्णय दिला. "मावशीचं खरं. सासूबाईचाच आवाज हाय तो." मला मनातून वाटले, हिने मुद्दाम अवघड तेच निवडले. ती शस्त्रक्रियेला घाबरते आहे, नवसाच्या आड लपते आहे. पण छत्तीस वर्षांच्या संसारात मी अशी वाक्ये मोठ्याने बोलत नाही.

दादा चिडला. "रस्त्यावरच्या लोकाइले काऊन? गावातल्याइले का तोंडं नाई?" तरी शनिवारी सकाळी तो आला, आणि गोवऱ्या त्यानेच रचल्या. रोडगे करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. तुळसामावशी वांगी घेऊन आली. येताना मळ्यातला कोबीचा आणि मुळ्याचा पाला पोत्यांत भरून आणला होता आणि तो गुरे खातील म्हणून रस्त्याच्या कडेला टाकून दिला. पत्नी खुर्चीवर बसून भाजीवर लक्ष ठेवत होती. बारा वाजता मारुतीला नैवेद्य दाखवला. पाच पायली गव्हाचे रोडगे तयार होते. आता फक्त येणारे-जाणारे हवे होते.

आईने नवस बोलला तेव्हा त्या रस्त्याने बैलगाड्या जात, लोक पायी जात, मारुतीसमोर पाणी पिऊन बसत. आता जो रस्ता झाला, त्यावर कोणी येतही नाही आणि जातही नाही, फक्त निघून जाते. ज्या रस्त्याने आम्हाला पैसे दिले, त्यानेच नवस फेडणे अशक्य करून ठेवले होते. हे आमच्या लक्षात साडेबारा वाजता आले.

मी ताट घेऊन कडेला उभा राहिलो. हात दाखवला की गाड्यांचा वेग वाढत होता. दादाने देवळावरची जुनी पताका काढून हलवायला सुरुवात केली. एक मोटार हळू झाली, काच चार बोटे खाली आली, आतून आवाज आला, "काका, मागच्या गावात दिली आम्ही वर्गणी." काच वर गेली. दुसऱ्या गाडीतून कोणी काही न बोलता ताटात वीसची नोट टाकली. एक मोटारसायकलवाला मात्र थांबला.

"रोडगे हाय का? कितीले?"

"फुकट हाय," दादा म्हणाला.

त्याने आम्हा दोघांकडे एकदा नीट पाहिले, गाडीला किक मारली आणि तो गेला.

दीड वाजेपर्यंत एकाही माणसाने एकही रोडगा खाल्ला नव्हता. उलट ताटात दहा-वीसच्या पाच-सहा नोटा जमल्या होत्या. दादा म्हणाला, "तुह्यासारखा नशीबवान मानूस पाह्यला नाई. नवस फेडाले बसला तरी पैसेच येऊन राह्यले." मी गावातून माणसे बोलावण्याचे सुचवले. पत्नीने मान हलवली. "बलावनं नाई कराचं ठरलं हाय." मग ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या. देवाच्या मनात नसंन आपरेशन. गुरुवारचं नाई म्हनून सांगा डाक्टरले." तिच्या चेहऱ्यावर दुःख होते आणि थोडी सुटकाही होती. दोन्ही मी पाहिली. त्या क्षणी माझ्याजवळ उपाय नव्हता. हातात ताट होते, समोर मारुती होता आणि मी त्याच्याकडे पाहून मनात म्हटले, माझ्याच्याने होत नाही, तूच पाहा. प्रार्थना म्हणावी असे त्यात काही नव्हते. थकलेल्या माणसाचे वाक्य होते.

यानंतर मेंढ्या आल्या. आष्टीच्या बाजूने दोन मेंढपाळ कळप घेऊन रस्त्याच्या कडेने येत होते. पुढच्या मेंढीला कोबीचा पाला दिसला. ती थांबली, म्हणून मागची थांबली. ज्यांना कडेला जागा मिळाली नाही, त्या रस्ताभर पसरल्या. मेंढपाळ ओरडले, काठ्या आपटल्या, उपयोग झाला नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. भोंगे वाजले. मेंढ्यांनी मान वर केली नाही.

दादा मिनिटभर पाहत राहिला. मग पताका खांद्यावर टाकून तो एकेका गाडीपाशी गेला आणि काचेवर टकटक करत म्हणू लागला, "उतरा, उतरा. मारुतीचा परसाद हाय. मेंढ्या काई तुमचं आयकत नाई आता." आधी एक ट्रकचालक उतरला. मग आष्टीला लग्नाला निघालेली एक जीप रिकामी झाली. मग आधी वर्गणीचे सांगून गेलेली मोटार आष्टीहून परत येताना याच गर्दीत अडकली होती, त्यातले गृहस्थ खाली मान घालून पंगतीत बसले. तूप कमी पडले. कोणी तक्रार केली नाही.

जिपेतून उतरलेल्यांत एक सत्तरीच्या बाई होत्या. हिरवे नऊवारी लुगडे, हातात पिशवी. त्या सरळ देवळाच्या तीन पायऱ्या चढल्या, मारुतीला नमस्कार केला आणि कशालाही न धरता उतरल्या. पंगतीकडे सगळ्यांचे लक्ष होते. माझी पत्नी फक्त त्यांच्या पायांकडे पाहत होती.

"बाई, गुडघे चांगले हाय तुमचे," ती म्हणाली.

"माहे कुठचे? डाक्टरचे हाय," असे म्हणून बाईंनी भर रस्त्यात लुगडे वर घेऊन टाक्यांचा व्रण दाखवला. पत्नीने घाईने आपला पदर आडवा धरला. "दोन्ही केले. पहिले चार दिवस त्या डाक्टरले मनातल्या मनात लय शिव्या देल्या. आता दिसला की पाया पडते."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना वो. दीड वर्स टाळलं म्या. कधी एकादशी म्हनलं, कधी नातवाचं बारसं म्हनलं, कधी देवाचं नाव घेतलं. देव बिचारा काय बोलते? लोक म्हनत, बाई मोठी धार्मिक हाय."

पत्नीने त्या बाईंना स्वतःच्या हाताने रोडगा फोडून वाढला. बाई पायरीवर बसून जेवल्या, आणखी एक पिशवीत घेतला, "येते" म्हणाल्या आणि जिपेत बसून गेल्या. नाव विचारायचे राहिले. तीस वर्षांत माझ्याकडून ही चूक झाली नव्हती. नंतर मी आष्टीत चौकशी केली. त्या दिवशी तिथे दोन लग्ने होती. दोन्ही घरांनी सांगितले की अशा कोणी बाई आपल्याकडच्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या असतील. यावर माझ्याकडे अधिक माहिती नाही.

मेंढपाळ सर्वांत शेवटी जेवले. रोडगा एक उरला. पोटात कोणाच्याच जागा नव्हती आणि नवस रोडगे सरेपर्यंतचा होता. आम्ही त्याकडे पाहत असतानाच एका मेंढीने तो पत्रावळीवरून उचलला. दादाने हरकत घेतली. "हे चालत नाई." सगळे तुळसामावशीकडे वळले. मावशीने क्षणभर विचार केला. "थे बी रस्त्यानंच आली ना? चालते." पाला संपला होता. कळप उठून आर्वीच्या दिशेने निघाला आणि रस्ता मोकळा झाला.

पत्नी खुर्चीतून उठली. "गुरुवारचं पक्कं सांगा डाक्टरले," ती म्हणाली. मी तिथूनच फोन केला.

पाला मावशीने टाकला होता, मेंढ्या दरवर्षी त्या वाटेने जातात आणि लग्नाच्या दिवसांत जिपा भरून वाहतातच. यातली प्रत्येक गोष्ट मी वेगळी समजावून सांगू शकतो. त्या सगळ्या त्याच पाऊण तासात का आल्या, हे मला सांगता येत नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. इतकेच कळले की ताट घेऊन रस्त्यावर उभे राहणे माझे काम होते. गाड्या थांबवणे माझे काम नव्हते. ज्याने ते केले त्याचा मी ऋणी आहे. ताटातल्या नोटा मारुतीच्या दिव्याच्या तेलाला दिल्या. सभामंडपाबद्दल दादाने पुन्हा विषय काढला आहे.

उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या गुरुवारी सकाळी झाली. आत नेताना तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मी आत असताना देवाले काई बोलू नका. मागचंच कसंबसं फिटलं." मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉकर धरून ती खाटेपासून दारापर्यंत गेली आणि परत आली. डाव्या गुडघ्यासाठी श्रावणातली तारीख मिळाली आहे.