ई ड्राइव्हवरचं पुस्तक

टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटर म्हणूनच ओळखत. जन्मापासून दृष्टी नव्हती, पण कान असे तिखट की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगत. आता घरी बसून ते अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं बोलकी करत. वाचणारे आपला आवाज पाठवत; त्यातला खोकला, अडखळणं कापून तुकडे जोडायचं काम यांचं.

जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा पुतणीने नवा आणून मांडला, जुन्यातली डिस्क त्यात बसवली आणि ती आठ दिवसांसाठी बाहेरगावी गेली. सकाळी ऑपरेटरांनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज म्हणाला, "चारशे बारा फायली सापडल्या नाहीत."

त्यांनी लगेच पुतणीला फोन लावला. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आणि दुसरी प्रत काढायचं रोज उद्यावर ढकललेलं.

"काका, फायली आहेत तिथेच आहेत," पुतणी फोनवर म्हणाली. "ती डिस्क आधी 'ई' नावाने होती, इथे 'जी' झालीय; पुस्तक अजून 'ई'वरच शोधतंय. 'ई' अक्षर कार्ड रीडरने, म्हणजे मेमरी कार्ड घालायच्या खाचेने, बळकावलंय. त्याला आधी 'आर' द्या, मग डिस्कला 'ई'. फक्त सांभाळा, यादीत अक्षर बदलण्याच्या खालीच 'फॉरमॅट' आहे. तिथे चुकलात तर सगळं पुसलं जाईल."

कार्ड रीडरचं काम निभावलं. मग डिस्कची यादी उघडून ते बाण दाबत खाली उतरू लागले, आणि अर्ध्यातच कॉम्प्युटरचा आवाज बंद पडला. खोलीत चिडीचूप.

"वहिनी!"

थोरल्या भावाची बायको ओल्या हातांनीच धावत आली. "काय झालं भावोजी? चेहरा पांढराफटक पडलाय!"

"आवाज गेला. रंगीत पट्टी कुठल्या शब्दावर आहे, वाचा. कशालाही हात लावू नका."

"इंग्रजी आहे हो, अक्षरं लावावी लागतील. एफ... ओ... आर..."

चटका बसावा तसा त्यांचा हात कीबोर्डवरून उडाला.

"ते पुसणारं आहे," ते म्हणाले. वहिनींनी आपले हात पाठीमागे धरले.

बऱ्याच वेळाने त्यांनी वरचा बाण चाचपला. एकदाच दाबला. "आता?"

"सी... एच... ए... एन..."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. माझ्या बोटांवर नाही."

एंटर. वहिनींच्या मदतीने अक्षर निवडलं. एक चौकट आली: काही प्रोग्राम कदाचित चालणार नाहीत, पुढे जायचं का? पुतणीने हेही सांगून ठेवलं होतं, तरी त्यांचं बोट हलेना.

"भावोजी, हो म्हणायचं की नाही?"

"हो," म्हणत त्यांनी एंटर दाबलं.

आवाज परत यावा म्हणून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पुस्तक उघडलं. या वेळी तक्रार आली नाही. "अन्नाचं पचन तोंडातच सुरू होतं," एक बाई शांतपणे वाचू लागली. वहिनी मटकन खुर्चीत बसल्या.

ऑपरेटर मात्र एकेक तुकडा लावून बघत राहिले, जेवायला हाक आली तरी उठले नाहीत. दोनशेच्या पुढे गेल्यावर कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. दुपारी वहिनींना घेऊन ते दुकानात गेले आणि दुसरी डिस्क घेऊन आले.