दाजींची मूठ

दाजी राणे यांनी एकदा हात हातात घेतला की तो लवकर सुटत नसे. घाटकोपरच्या आमच्या चाळीत नव्याने आलेल्याला वाटे, काय मायेचा माणूस आहे. बोटं एकेक करून सावकाश उघडत. कोणी चेष्टा केली की दाजी म्हणत, "सोडूची घाई कित्याक?" कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. हातातला पाना खाली ठेवायलाही त्यांना वेळ लागे. फोरमन सुस्त म्हणायचा, दाजी हसण्यावारी नेत.

त्यांची एकुलती मुलगी शैला बारा वर्षांची असताना तिच्या मानेवर कातडीखाली खड्यासारखी टणक गाठ आली. मग एक कानामागे आणि दोन दंडावर. तिच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, अंगारे लावले. दाजींचं जेवण तुटलं. शेवटी इस्पितळात गाठी काढल्या आणि रिपोर्टच्या दिवशी दाजींनी शैलासोबत मलाही नेलं.

"केसांच्या मुळाशी होणारी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही. मुलांना होते, पण बहुधा एकच. हिला चार आल्या, एवढंच वेगळं."

दाजींनी त्यांचा हात धरला. "देवासारखे गावलात," म्हणाले. डॉक्टरांनी हात मागे घेतला, तो येईना. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी दाजींना मूठ घट्ट वळून पटकन उघडायला सांगितली, मग शैलाला. तिचीही बोटं तशीच अडखळत उघडली.

तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी समजावलं. हा स्नायूंचा आजार, घराण्यातून येणारा. एकाहून जास्त अशा गाठी कधीकधी त्याच्यासोबत दिसतात. गाठींचं भय नाही, पण स्नायू हळूहळू क्षीण होतील, हृदयाला जपावं लागेल. औषध नाही.

"ह्यां माझ्याकडसूनच इलां मां?" दाजींनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "कॅन्सर नाय हा," दाजींनी सांगितलं. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. नंतर जिन्यात मला थांबवून दाजी म्हणाले, "तुझ्या वहिनीक सगळां सांगूक नाय मी. तू पण सांगू नको."

पुढे दाजींचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला, पापण्या जड झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. दाजी पितात, अशी चाळीत कुजबुज सुरू झाली. मी चिडलो, तर म्हणाले, "म्हणांदेत रे. दारुड्याच्या चेडवाक, माझ्या शैलाक, कोण आजारी म्हणणत नाय."

शैला मॅट्रिक झाली त्या वर्षी दाजी कारखान्यात बाकावर बसल्या बसल्या गेले. हृदय थांबलं.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी मला विचारलं, "भावजी, मला कधी वास आला नाही. पण खरं सांगा, ते पीत होते?"

मी तोंड उघडण्याआधी शैलाच म्हणाली, "कधीकधी प्यायचे, आई."

वहिनी पदराने तोंड झाकून आत गेल्या. शैला माझ्यामागोमाग गॅलरीत आली.

"बाबांनीच सांगून ठेवलं होतं, काका. आईने विचारलं तर असंच म्हण."

"म्हणजे तुला सगळं..."

"गेल्या वर्षी सांगितलं त्यांनी."

"मग तुझं काय, पोरी?"

"माझं मी बघेन," ती म्हणाली. "आत्ता आईने दोन दिवसांत काही खाल्लं नाहीये." आणि ती भात टाकायला आत गेली.