एका खोडलेल्या ओळीसाठी पुण्याला

कराडहून सकाळी सव्वासहाच्या एसटीनं निघाले तेव्हा पिशवीत चिमटा, सुती हातमोजे, पारदर्शक पाकिटं, पाण्याची बाटली आणि चिवड्याचा डबा असं सगळं होतं. भिंग नव्हतं. हे मला खंबाटकीच्या बोगद्यात कळलं. जुनी टपाल कार्डं बघायला निघालेल्या बाईनं भिंग घरी विसरावं, म्हणजे वरातीनं नवरदेवालाच विसरून निघण्यातला प्रकार. शेजारच्या बाईंना मी ते सांगितलं, तर त्यांनी पर्समधून लिंबाची गोळी काढून दिली. त्यांना वाटलं, मला मळमळतंय.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, मी युद्धकैद्यांची पत्रं सांभाळते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतली आपली माणसं आफ्रिकेच्या वाळवंटात पकडली गेली आणि इटलीच्या छावण्यांत पोचली. तिथून घरी लिहायला त्यांना छापील कार्ड मिळे. त्याला तिकीट लागत नसे. आधी शत्रूचा सेन्सॉर ते वाची आणि शिक्का मारी, मग आपल्याकडचा सेन्सॉर वाची आणि दुसरा शिक्का मारी. एखादी ओळ त्यांना नकोशी वाटली तर ती काळी करून टाकत. माझं पहिलं कार्ड मला वाण्याच्या रद्दीत सापडलं. तिकीट नव्हतं म्हणून घरच्यांनी ते कवडीमोलाचं समजून टाकलं होतं.

आता माझ्याकडं बऱ्यापैकी संग्रह आहे आणि पुढच्या महिन्यात तो प्रदर्शनात मांडायचा आहे. त्यात एकच उणीव होती. शिक्क्यांची कार्डं भरपूर, पण ओळ खोडलेलं एकही नाही. भात, आमटी, भाजी सगळं वाढून मीठच नसावं तसं. म्हणून तसं एक कार्ड असल्याचा शनिवार पेठेतल्या लेलेकाकांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशीचं आरक्षण केलं.

लेलेकाकांचं जुन्या तिकिटांचं दुकान एका अरुंद जिन्याच्या वर आहे. स्वारगेटला उतरून रिक्षानं तिथं पोचले तेव्हा ते पेपर वाचत होते. त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"भिंग विसरले," मी म्हणाले.

"छान. पुढच्या वेळी चष्मा विसरून या, म्हणजे मला काही दाखवायचाच त्रास नको."

मग त्यांनी हकिगत सांगितली. वारज्याला कांबळे आप्पा म्हणून एक गृहस्थ राहतात, महापालिकेतून निवृत्त झालेले कारकून, वय पंचाऐंशी. त्यांच्या वडिलांनी इटलीतून पाठवलेलं कार्ड त्यांच्याकडं आहे आणि त्यातली एक ओळ काळी केलेली आहे. ती ओळ वाचून देईल त्याला कार्ड द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"दोनदा आले इथं. शाई काढायचं औषध आहे का विचारत होते. नाही म्हटलं. तर म्हणाले, लेखी द्या."

"मग?"

"दिलं. सुटका दुसरी कशी होणार? तुम्ही मात्र शाई काढू नका, कार्ड जाईल." त्यांनी खणातून पितळी कडीचं भिंग काढलं. "सहाच्या आत परत आणा. सहानंतर आलात तर शटर तुम्हीच उघडायचं."

डेक्कनहून वारज्याची बस पकडली. कर्वे रस्त्यावर ती इतकी सावकाश चालली होती, की दुकानांच्या पाट्या वाचून संपल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचाव्या लागल्या. वारज्यात एकसारख्या दिसणाऱ्या तीन सोसायट्या पायाखाली घालून चौथीच्या फाटकाशी पोचले. रखवालदारानं वही पुढं केली. येण्याचं कारण या रकान्यात मी 'पत्र' असं लिहिलं.

"कुरिअर का?" त्यानं विचारलं.

चौतीस वर्षं खात्यात घालवलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे हलवायाला 'बिस्किटं विकता का' विचारण्यासारखं आहे. पण ऊन फार होतं, मी हो म्हणाले आणि लिफ्ट गाठली.

दार आप्पांच्या लेकीनं, सुजातानं उघडलं. ती वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. लेलेकाकांनी कळवलं होतं म्हणून माझ्यासाठी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या टेबलावर दोन बोटं जाड फाइल.

"बसा ताई. आधी हे बघून घ्या," म्हणून त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली.

मला वाटलं, कार्डं असतील. ते अर्ज होते. चाळीस वर्षांचे अर्ज. संरक्षण खात्याला, अभिलेखागाराला, इटलीच्या वकिलातीला, थेट लंडनला सुद्धा. विषय सगळ्यांचा एकच: 'वडिलांच्या पत्रातील खोडलेली ओळ परत मिळणेबाबत.' प्रत्येकावर जावक क्रमांक आणि त्याखाली आलेलं उत्तर टाचलेलं. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. लंडनवाल्यांनी तेवढी दिलगिरी व्यक्त केली होती.

"आप्पा रिटायर झाले, पण ऑफिस सुटलं नाही," सुजाता म्हणाली. "काकू, आधी जेवून घ्या. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही."

जेवायला ज्वारीची भाकरी, डाळ आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी होती. चटणी इतकी खमंग, की मी लाज सोडून तिसरी भाकरी घेतली. जेवताना आप्पांनी आईची गोष्ट सांगितली.

आई सोनाबाई, वडील गणपत. आप्पा तान्हे असताना वडील लष्कराच्या मजूर तुकडीतून समुद्रापार गेले. पकडले गेले, हे एक कार्ड आलं, आणि काही महिन्यांनी छावणीतच तापानं गेल्याचं सरकारी पत्र आलं. आई वीस वर्षांची होती. गावचा पोस्टमन त्यांच्या वस्तीत पाय ठेवत नसे. तो लांबून हाक मारी आणि पत्र दगडावर ठेवी. वाचायला जायचं ते पेन्शनर सुभेदारबाबांकडं. अख्ख्या वस्तीत दौत-टाक फक्त त्यांच्या घरी.

"वर्ष झालं आणि घरच्यांनी आईचा पाट (विधवेचं दुसरं लग्न) धाकट्या चुलत्याशी लावायचं ठरवलं," आप्पा म्हणाले. "आमच्यात रीतच होती ती. त्यात वावगं काही नव्हतं. पण आईला नको होतं. नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकतो? तिनं कार्ड आणून सगळ्यांपुढं धरलं. म्हणाली, 'कारभाऱ्यानं शेवटाला काय लिवलंय ते सरकारनं खोडलंय. त्यांचा हुकूम कळल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाई.' सरकारपुढं कोण बोलणार? पाहुणे आले तसे गेले. पुढं दोनदा हेच झालं."

मग ती मुलाला घेऊन पुण्याला आली, इमारतींवर माती वाहिली, त्याला मॅट्रिक केलं. पुढं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पाटीत घालून नदीला नेले, पण देवळीतलं कार्ड तिथंच राहिलं.

"मी पहिला अर्ज लिहिला तेव्हा आई होती," आप्पा म्हणाले. "म्हटलं, आई, तुझी ओळ मी सरकारकडून परत आणतो. ती म्हणाली, 'आन बाबा. पर सावकाश लिव्ह. सरकारला घाई केल्याली चालत न्हाई.'"

तोपर्यंत मला काही संशय नव्हता. मी हात धुतले, पुसले, हातमोजे घातले. सुजातानं कार्ड आणलं.

पत्त्याच्या बाजूला दोन्ही सेन्सॉरचे शिक्के होते, एक गोल, एक अष्टकोनी, दोन्ही स्वच्छ. माझा जीव तिथंच अडकला. उलटून पाहिलं. पेन्सिलीनं लिहिलेला मजकूर: मी खुशाल आहे, थंडी फार, पाव मिळतो पण भाकर नाही, पोराला साळंत घाल. त्याखाली काळा पट्टा. त्याखाली 'तुजा गणपत'. आणि पट्ट्याच्या उजव्या टोकापाशी, थेट मजकुरावर हाणलेला गावच्या पोस्टाचा तारखेचा शिक्का.

मजकुरावर शिक्का मारू नये, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. ज्या मास्तरनं तो मारला, तो आळशी असणार. मी त्याला मनात चार शब्द सुनावले आणि भिंग जवळ नेलं.

काळा पट्टा शिक्क्यावरून गेला होता. शिक्क्याची शाई तेलकट असते, दौतीतली पाण्याची. तेलावर पाणी बसत नाही. शिक्क्याच्या रेषांवर पट्टा तुटला होता, बारीक थेंब होऊन बाजूला सरकला होता. असं मी हजार वेळा पाहिलंय, घाईत शिक्क्यावर सही केली की हेच होतं. याचा अर्थ साधा होता. शिक्का आधी बसला होता, पट्टा नंतर. पत्र इटलीतून सुटलं, मुंबईत सेन्सॉरनं पाहिलं, गावच्या पोस्टात पोचलं, तोवर ती ओळ शाबूत होती. सरकारनं ती खोडलीच नव्हती.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या प्रदर्शनाचा आला. परीक्षकांना एवढं बारीक दिसलं नसतं. मी गप्प राहून नुसती ओळ वाचून दिली असती, तर कार्ड माझं होतं. भिंगामागं तोंड लपवून मी बराच वेळ तशीच बसले.

"काकू, काय झालं?" सुजातानं विचारलं.

मी तिला खिडकीशी बोलावलं आणि मोबाइलची बॅटरी कार्डाला अगदी आडवी धरायला सांगितली. शाईखालची पेन्सिल तिरप्या उजेडात चमकते. कार्ड हळूहळू फिरवत गेले, तशी अक्षरं एकेक करून वर आली. गणपत कांबळे पेन्सिल दाबून लिहीत होते. तीनदा वाचून खात्री केली.

"आप्पा, वाचू?"

"वाचा. त्यासाठीच बसलोय."

"'मी न्हाई आलो तर पाट लाव. थांबू नको. माजी आण हाय.'"

सुजातानं मोबाइल खाली घेतला, उजेड गेला. मग मी शिक्क्याचं आणि शाईचं सांगितलं. भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांना त्यातलं किती दिसलं कोण जाणे, पण त्यांनी कार्ड नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"दौत सुभेदारबाबांकडंच होती," ते शेवटी म्हणाले. "त्यांनीच वाचलं असणार. आणि तिनं तिथंच त्यांना खोडायला लावलं असणार." मग म्हणाले, "हुकूम तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता."

"सावकाश लिव्ह म्हणाली होती आजी," सुजाता म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

आप्पांचे डोळे भरले होते, पण आवाज कारकुनाचाच होता. "म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीच्या ऑफिसात अर्ज करत होतो. ज्या साहेबाकडं करायला हवा होता, तो माझ्या शेजारीच चूल पेटवत होता."

त्यांनी खिशाचं पेन काढलं, फाइल उघडली, शेवटच्या कागदावर 'विषय निकाली. फाइल बंद' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग कार्ड उचलून माझ्यापुढं धरलं.

"शब्द दिलाय ताई. घ्या."

मला ते हवं होतं. आत्ता लिहितानाही हवं आहे. पण मी हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि म्हटलं, "आप्पा, मला सेन्सॉरनं खोडलेलं कार्ड पाहिजे होतं. हे घरातलं आहे."

त्यांनी आग्रह केला नाही. कार्ड सदऱ्याच्या खिशात, पेनाच्या मागं ठेवलं आणि फाइल दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली. "मग ही न्या. हिचं आता इथं काही काम नाही."

सहाला दहा मिनिटं असताना मी शनिवार पेठेतला जिना चढले. लेलेकाकांनी भिंग उलटसुलट करून पाहिलं.

"कार्ड मिळालं?"

"नाही. फाइल मिळाली."

"लोक पुण्यात फाइल सोडवायला येतात. घेऊन जाणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ते म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शटर ओढलं. मग मला रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर फाइल होती आणि मोबाइलमध्ये सुजातानं पाठवलेला कार्डाचा फोटो. माझ्या आईनं माझ्यापासून काय काय खोडून ठेवलं असेल, याचा विचार करत मी साताऱ्यापर्यंत आले. तिथं चहा घेतला.

फोटो प्रदर्शनात चालत नाही, मूळ वस्तूच लागते, त्याचे गुण कापतात. कापू देत. आप्पांना फोन करून परवानगी मागितली तर म्हणाले, "लावा. आईचं नाव पूर्ण लिहा." मग मी रिकाम्या ठेवलेल्या पानावर तो फोटो चिकटवला. इतर कार्डांखाली लिहिते तशीच माहिती लिहिली: कैद्याचं नाव, देश, भाषा. सेन्सॉरच्या रकान्यात आजवर मी फक्त क्रमांक लिहीत आले होते. त्या जागी लिहिलं: सोनाबाई गणपत कांबळे.